विद्युत ट्रॅक्टर आणि थंडाव्याचे तेल

गव्हाण फाट्यावरून उरणच्या जवाहरलाल नेहरू बंदराकडे जाणाऱ्या मालट्रकांची रीघ नित्याची आहे. 2025 सालापासून त्या बंदरात विजेवरचे अवजड ट्रकही वापरात आले आहेत. विद्युत ट्रॅक्टरही आता आपल्या बांधापासून फार दूर नाही. तो घेताना शेतकरी अश्वशक्ती विचारतो, बॅटरी विचारतो. मोटर थंड कशी राहते, हे सहसा कोणी विचारीत नाही. आमच्या मते पहिला प्रश्न तोच असावा.

मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्या वाहनाला वाऱ्याचा झोत मिळतो. पनवेल-उरण पट्ट्यात जी भातखाचरे उरली आहेत, तेथे चिखलणीचा ट्रॅक्टर माणसाच्या चालीने चालतो. ओढ मात्र तासन् तास भारी असते. तारांतील प्रवाह दुप्पट झाला की त्यांतील उष्णता चौपट होते. त्यात मोटरीच्या कवचावर चिखल लिंपला गेला, तर वारा असून नसल्यासारखाच. दर 10 अंश अधिक तापमानाला तारेवरील रोधक लेपाचे आयुष्य सुमारे निम्मे होते, असा अभियंत्यांचा ठोकताळा आहे. ज्याच्या विहिरीवरील पंप एकदा जळला आहे, त्यास याहून अधिक सांगणे नको.

येथे तेल उपयोगी पडते. सारख्या वजनाच्या पाण्याच्या मानाने ते सुमारे निम्मीच उष्णता धरते. परंतु ते विजेला वाट देत नाही, म्हणून थेट तारांच्या वेटोळ्यांवर सोडता येते. पाण्याला कवचातच फिरावे लागते. गावच्या रोहित्राच्या टाकीतील तेल याच कामी असते. मोटरीत पंप तळाचे तेल उचलतो, गाळणीतून व पंख्याच्या रेडिएटरमधून नेतो आणि वेटोळ्यांच्या टोकांवर शिंपडतो. तेथून ते पुन्हा तळाशी येते. मात्र तेल खुणेपेक्षा अधिक भरू नये. फिरता भाग त्यात बुडाला, तर तेल घुसळण्यातच वीज खर्ची पडते. हाताशी आहे म्हणून साधे गिअर तेलही ओतू नये. त्यातील काही द्रव्ये तांब्याला खातात. खाडीकाठच्या दमट हवेत तेलात ओल शिरली, तर त्याचा रोधक गुण घटतो; म्हणून सील व झाकणे वेळच्या वेळी पाहावीत.

भाजीच्या पाट्या वाहणाऱ्या तीनचाकीला हा खर्च आम्हांस अनाठायी वाटतो. तिला वारा पुरे. ट्रॅक्टरची गोष्ट निराळी. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी विक्रेत्याकडे प्रात्यक्षिक मागावे ते डांबरी रस्त्यावर नव्हे, खाचरात, भर दुपारी, सलग दोन तास. आणि शेवटी मोटरीचे तापमान स्वतः वाचून वहीत टिपावे.