नियामकालाही नियम हवा

रूपी सहकारी बँकेवर रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१३ मध्ये निर्बंध घातले आणि परवाना रद्द करण्याचा हुकूम काढला तो ऑगस्ट २०२२ मध्ये. मधली साडेनऊ वर्षे मुदतवाढीमागून मुदतवाढ देण्यात गेली. वारज्यापासून कसब्यापर्यंत या शहरातील पेन्शनरास साडेनऊ वर्षे म्हणजे काय, हे आम्ही सांगावयास नको. बँक कोणी बुडविली याची चर्चा पुष्कळ झाली. नियामकाने निर्णयास किती काळ घ्यावा, याची मात्र फारशी झाली नाही.

या प्रश्नाच्या मुळाशी शंभर वर्षांपूर्वीचा एक वाद आहे. रुपया सोन्यात न बदलता पौंडाशी बांधून ठेवणाऱ्या सुवर्ण विनिमय पद्धतीची केन्सने १९१३ च्या आपल्या ग्रंथात तरफदारी केली होती. ती लवचीक आहे, हा तिचा गुण. डॉ. आंबेडकरांनी १९२३ मध्ये लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या रुपयावरील प्रबंधात नेमके या लवचीकपणावरच बोट ठेविले. रुपये पाडणाऱ्यावर मर्यादा नसेल तर तो हवे तितके पाडील, भाव चढतील आणि मजुरी मागे रखडेल. प्रस्तावनाकार प्रा. कॅनन यांनाही ही सगळी टीका मान्य नव्हती! अर्थशास्त्र्यांच्या वादात आंबेडकर विचारीत होते तो प्रश्न खरा कायदेपंडिताचा होता: अधिकाराची सीमा कोणती? डिसेंबर १९२५ मध्ये हिल्टन यंग आयोगापुढेही त्यांनी हीच बाजू मांडली. त्या साक्षीतून रिझर्व्ह बँक जन्मली, असे सभांतून सांगितले जाते. वस्तुतः रुपयाच्या संख्येस कायमची मर्यादा घालण्याची त्यांची मुख्य सूचना आयोगाने उचललीच नाही. १९३५ मध्ये ते मुंबईच्या सरकारी लॉ कॉलेजचे प्राचार्य झाले. त्याच वर्षी रिझर्व्ह बँक सुरू झाली.

निर्बंध लागल्यापासून ९० दिवसांत ५ लाखांपर्यंतची विम्याची रक्कम ठेवीदारास मिळावी, अशी दुरुस्ती २०२१ मध्ये झाली. तिचे आम्ही स्वागतच करतो. परंतु विलीनीकरणाची बोलणी चालू असल्यास आणखी ९० दिवस थांबण्याची मुभा त्यातच आहे, आणि ५ लाखांवरील रकमेस तर मुदतच नाही. निर्बंधांच्या मुदतवाढीस कायद्याने कमाल सीमा घालावी व प्रत्येक वाढीची सविस्तर कारणे ठेवीदारांपुढे मांडावीत, असा आग्रह पुण्याच्या खासदारांनी संसदेत धरावयास हवा.