सुंतेचा प्रश्न आणि पुरोगाम्यांचे मौन

2023 सालच्या मार्च महिन्यात केरळ उच्च न्यायालयाने, अजाण मुलांच्या सुंतेवर बंदी घालावी अशी मागणी करणारी जनहितयाचिका फेटाळून लावली. कायदे करणे हे न्यायालयाचे काम नव्हे आणि वर्तमानपत्री बातम्यांवर विसंबून केलेली मागणी मान्य करता येणार नाही, असे न्यायालयाने सांगितले. निकालात गैर काही नव्हते. परंतु न्यायालयाच्या दारातून परतलेला हा प्रश्न राजकीय चर्चेच्या दारातही उभा राहू नये, याची खबरदारी डाव्या वर्तुळांनी घेतली आहे. ‘तो त्यांच्या समाजाचा अंतर्गत प्रश्न आहे’ एवढे म्हटले की या मंडळींचे कर्तव्य संपते. त्या समाजातले सहा-सात वर्षांचे पोरही ‘त्यां’च्यात मोडते काय, आणि त्याला कोणी काही विचारले काय, हे मात्र विचारायचे नाही!

जर्मनीला हा प्रश्न टाळता आला नाही. कोलोन शहरात एका मुसलमान कुटुंबातील चार वर्षांच्या मुलाची सुंता आईबापांच्या इच्छेने एका डॉक्टरने केली. दोन दिवसांनी रक्तस्राव झाल्याने मुलाला रुग्णालयात न्यावे लागले आणि त्यातून खटला उभा राहिला. कायदा संदिग्ध असल्यामुळे 7 मे 2012 रोजी न्यायालयाने डॉक्टरला निर्दोष सोडले. पण वैद्यकीय गरज नसताना केलेली बालकाची सुंता ही शारीरिक इजाच होय आणि आईबापांच्या धर्मस्वातंत्र्याने ती समर्थनीय ठरत नाही, असा निर्वाळाही दिला. ज्यू आणि मुसलमान संघटना एकमुखाने विरोधात उभ्या राहिल्या. 12 डिसेंबर 2012 रोजी जर्मन संसदेने 434 विरुद्ध 100 मतांनी कायदा करून आईबापांचा अधिकार पक्का केला. सहा महिन्यांखालील अर्भकाची सुंता धर्मसंस्थेने नेमलेल्या प्रशिक्षित पण डॉक्टर नसलेल्या व्यक्तीनेही करावी, अशी सूट त्यात आहे.

त्याच सभागृहापुढे आणखी एक विधेयक होते. सोशल डेमोक्रॅट, ग्रीन व डाव्या पक्षाच्या 66 सभासदांनी ते मांडले होते. मुलगा 14 वर्षांचा व्हावा, त्याला समज यावी आणि मग त्याच्या संमतीने सुंता व्हावी, एवढेच त्यात म्हटले होते. ते पडले. समाजवाद्यांना शोभणारी भूमिका तीच होती. तीत धर्माचा अधिक्षेप नव्हता आणि ज्याचे शरीर त्याला आपला शब्द राखून ठेवलेला होता.

ते पडण्यामागे केवळ धर्ममार्तंडांचा दबाव होता असे मानणे मात्र उथळपणाचे ठरेल. हिटलरच्या राज्यात हीच खूण पाहून ज्यू पुरुष हुडकले गेले. त्या देशात सरकारने सुंतेला हात घालणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्याकडे तरी वेगळे काय घडले? फाळणीच्या दंगलीत माणसाचे मरण-जगणे त्याची वस्त्रे उतरवून ठरवले गेले. मंटोंची ‘मिस्टेक’ ही चार ओळींची कथा त्यावरच उभी आहे. ज्यांच्या तोंडी सुंता हा शब्द केवळ शिवी म्हणून येतो, त्यांना मुलांच्या हक्कांचा एकाएकी पुळका आला तर त्यावर कोणी विश्वास ठेवावा? बंदीची काठी त्यांच्या हाती देणे हा शुद्ध आत्मघात होय.

पण काठीला विरोध म्हणजे मौन नव्हे. धर्माच्या आत या विषयावर वाद आहेत आणि ते जुने आहेत. कुराणात सुंतेचा उल्लेख नाही. हनफी मताने ती सुन्नत आहे, तर कोकणी मुसलमान ज्या शाफई पंथाचे आहेत त्या पंथाने ती अनिवार्य मानली आहे. तिचे सर्वमान्य असे एकच वय मात्र नाही. तेव्हा थांबण्याला तेथे वाव आहे. ज्यूंची अडचण अधिक बिकट, कारण त्यांचा आठवा दिवस ठरलेला. कोकणातील बेने इस्रायल शतकानुशतके इतर ज्यूंपासून तुटून राहिले, शनिवारी घाणा बंद ठेवतात म्हणून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले, पण सुंता त्यांनी सोडली नाही. या चिवटपणाची टवाळी करण्याचा अधिकार कोणालाही नाही. तथापि 1843 च्या सुमारास फ्रँकफुर्टच्या ज्यू सुधारकांच्या एका मंडळाने सुंता ज्यूपणाला अनिवार्य मानण्यास नकार दिला, हेही ज्यूंनीच केले.

विज्ञानाची साक्षही सोयीनुसार काढली जाते. दक्षिण आफ्रिका, केनिया व युगांडा येथील चाचण्यांत सुंतेमुळे स्त्रीकडून पुरुषाला होणारी एचआयव्हीची लागण सुमारे 60 टक्क्यांनी घटली, हे खरे. पण ते प्रौढ पुरुष होते आणि आपल्या संमतीने आले होते. त्यांचा दाखला चार वर्षांच्या मुलासाठी देणे ही मखलाशी आहे.

राहिला गरिबांचा प्रश्न, आणि तो सर्वांत निकडीचा. पैसेवाल्याचा मुलगा भूल देऊन शल्यचिकित्सकाकडून सुंता करवून घेतो. वस्तीतल्या मजुराच्या मुलाच्या वाट्याला हजामाचा वस्तरा येतो. वादाचा निकाल लागेपर्यंत त्या मुलाने तो सोसावा काय? सरकारी रुग्णालयात भूल देऊन, विनामूल्य आणि जाणत्या मुलाला विचारून सुंता झाली पाहिजे, आणि मुलगा ‘नको’ म्हणाला तर डॉक्टरने हात आवरला पाहिजे. ही मागणी मोहल्ल्यातल्या कार्यकर्त्यांनी, मुसलमान आईबापांना बरोबर घेऊन, नगरपालिकेच्या दवाखान्यापासून सुरू करावी.