तरुण कोण, हे आधी ठरवा

चरोद्याच्या रेल्वे वसाहतीत राहणारा 32 वर्षांचा बेरोजगार पदवीधर सरकारच्या लेखी तरुण आहे काय? कोणती फाइल उघडली जाते, त्यावर याचे उत्तर अवलंबून आहे. 2003च्या राष्ट्रीय युवा धोरणाने तारुण्याची मर्यादा 13 ते 35 वर्षे ठरविली होती; 2014च्या धोरणाने ती 15 ते 29 केली. छत्तीसगडने 2013 मध्ये युवकांना कौशल्य प्रशिक्षणाचा कायदेशीर हक्क दिला. त्यातला युवक 14 ते 45 वर्षांचा! याच राज्याने 2023 मध्ये दरमहा 2,500 रुपयांचा बेरोजगारी भत्ता सुरू केला, तो 18 ते 35 वयोगटासाठी. सारांश, हा गृहस्थ दिल्लीच्या हिशेबातून बाद झाला तरी रायपूरच्या हिशेबात तरुणच राहिला.

मोजपट्टीच अशी लवचीक असेल तर मूल्यमापन कशाचे करायचे? 2003च्या धोरणात पाच वर्षांनी फेरआढाव्याची तरतूद होती. प्रत्यक्षात नवे धोरण आले ते 11 वर्षांनी. त्यानंतरचा मसुदा 2022 मध्ये सूचनांसाठी खुला झाला. 2014च्या दस्तऐवजाने केंद्र सरकार युवकांवर वर्षाला 90 हजार कोटींहून अधिक खर्च करते, असे अभिमानाने नोंदविले. मात्र त्या बेरजेत अन्नधान्यावरील अनुदानाचा वाटाही धरलेला आहे. खर्चाला फलित मानण्याची ही सवय आपल्या प्रशासनात जुनीच.

तिचे परिणाम महालेखापरीक्षकांनी दाखवून दिले. पंतप्रधान कौशल विकास योजनेवरील त्यांचा अहवाल डिसेंबर 2025 मध्ये संसदेत मांडला गेला. प्रशिक्षणार्थींच्या तपासलेल्या 95 लाखांहून अधिक नोंदींपैकी सुमारे 94 टक्के नोंदींत बँक खात्याचा रकाना कोरा, शून्यांनी भरलेला किंवा निरर्थक होता. प्रमाणपत्रे वाटली गेली, पण ती घेणारा कोण आणि आज कुठे आहे, याचा माग राहिला नाही.

2017चा युवा विकास निर्देशांक राज्यनिहाय होता. बस्तर आणि भिलाई यांना एकच गुण देणाऱ्या अशा निर्देशांकातून चरोद्याला काय कळणार? पोलाद कारखाना आणि मार्शलिंग यार्ड यांच्या आधाराने येथे वसलेल्या विदर्भातील कुटुंबांत वडिलांची नोकरी कायम, तर मुलाची कंत्राटी, हे चित्र नवे नाही. कंत्राटी कामगारांसाठी लढणारे शंकर गुहा नियोगी यांची भिलाईत हत्या झाली, ती 1991 मध्ये. एवढा जुना प्रश्न राज्याच्या सरासरीत मात्र दिसत नाही. जानेवारी 2025 पासून केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात नमुना निवडीसाठी जिल्हा हा पायाभूत घटक मानला जातो, ही सुधारणा स्वागतार्ह. तरी तो नमुनाच आहे.

खरे साधन 2013च्या राज्य कायद्यातच आहे. अर्ज आल्यापासून 90 दिवसांत प्रशिक्षणाची संधी द्यावी, असे तो सांगतो. धोरणाला तारखेचे बंधन नसते, कायद्याला असते; म्हणूनच तो मोजता येतो. दुर्ग जिल्ह्यात किती अर्ज मुदतीत निकाली निघाले आणि शिकलेल्यांपैकी किती जण वर्षभरानंतर कामावर होते, हे दोन आकडे भिलाई-चरोदा महापालिकेच्या फलकावर दरवर्षी लागले पाहिजेत. त्यासाठी ना नवे धोरण हवे, ना नवा निर्देशांक. अर्जावर तारीख घालणारा कारकून आणि वर्षभराने दूरध्वनी करणारा एक माणूस पुरे.