दोन मुलांची गोष्ट आणि आपल्या दुपारी



आमच्या धारणीतल्या तिघी-चौघी जणी सध्या दुपारी भांडी आवरली की थायलंडची एक मालिका बघतात. त्यांच्यात मीही आहे. मालिका शाळेतल्या दोन मुलांच्या प्रेमाची आहे, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे ज्यांना पुढे वाचायचं नाही त्यांचा वेळ वाचेल.

नाव 'माय स्कूल प्रेसिडेंट'. २०२२ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि बारा भागांत संपलीसुद्धा. आपल्या मालिकांना हे कधी जमणार देव जाणे! टिन हा शाळेच्या विद्यार्थी मंडळाचा अध्यक्ष, हुशार, शिस्तीचा. त्याची आईच शाळेची प्रमुख. गन हा गाणाऱ्या-वाजवणाऱ्या मुलांच्या क्लबचा म्होरक्या. स्पर्धा जिंकली नाही तर क्लब बंद, असा शाळेचा हुकूम. आणि टिनला गन कधीपासूनचा आवडतो, हे गनला सोडून सगळ्यांना दिसतं. गोष्ट एवढीच.

मग साठी ओलांडलेल्या बायकांना यात काय गोड लागतं? सुनेनं हसत हसत हेच विचारलं, तेव्हापासून मी विचार करते आहे.

एक तर कुणी कुणाच्या दुधात काही कालवत नाही. मुलं एकमेकांना विचारतात, चुकलं तर माफी मागतात, हरली की रडतात आणि मित्र त्यांच्या शेजारी येऊन बसतात. मुलगा रडला की "काय बायकांसारखा रडतोस" असं म्हणणारं कुणी तिथे नाही. आपण मुलगे वाढवले, पण त्यांना असं रडताना किती वेळा पाहिलं? बाथरूमचं दार लावूनच रडली असतील पोरं.

पण खरं कारण मला वेगळंच वाटतं. मुलगा-मुलीची प्रेमकथा बघताना आपलं अर्ध लक्ष मुलीकडे असतं. हिचं नाव खराब होईल का, हा फसवेल का, सासू कशी निघेल, हिची नोकरी राहील का. मी कॉमर्सची पदवीधर, मला तर नावे-जमा मांडल्याशिवाय राहवतच नाही. आणि मुलीच्या खात्यात बहुतेक वेळा खर्चच जास्त निघतो. दोन मुलांच्या गोष्टीत ती काळजीच नसते. कुणाला कुणाच्या घरी नांदायला जायचं नाही, स्वयंपाकघर कुणाच्या ताब्यात हा प्रश्न नाही. फक्त माया उरते. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला नुसती माया बघायला मिळणं ही मोठी विश्रांती आहे.

"हे बघून नातवंडं बिघडतील," असं एका वहिनींचं म्हणणं. वहिनी, खुनाच्या मालिका आपण जेवताना बघतो, त्यानं कुणी सुरा घेतला का हातात? दुसऱ्या एका ताईंनी विचारलं, आपल्या धर्मात हे बसतं का? मी पंडित नाही, पाठशाळेत शिकले तेवढंच सांगते. नऊ नोकषायांत स्त्रीवेद, पुरुषवेद आणि नपुंसकवेद असे तीन वेद आहेत. शरीराची ठेवण हा द्रव्यवेद, मनातली ओढ हा भाववेद, आणि हे दोन्ही जुळतीलच असं नाही, याची चर्चा आपल्या शास्त्रकारांनी शेकडो वर्षांपूर्वी केली आहे. म्हणजे असं मन असू शकतं हे त्यांना ठाऊक होतं. आणि तिन्ही वेद मोहनीय कर्मातलेच. बायकोवर जीव टाकणाऱ्यालाही त्यात सूट नाही. मग बोट एकाच बाजूला का?

आता या गोडव्यात खोट कुठे आहे तेही सांगते. त्या शाळेत या मुलांना चिडवणारं जवळजवळ कुणीच नाही. टिनच्या आईला उमगायला वेळ लागतो, पण ती मुलाला टाकत नाही. थायलंडात २३ जानेवारी २०२५ पासून अशा जोडप्यांना कायद्यानं लग्नही करता येतं. आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं हा गुन्हा नाही असं सांगितलं, पण ऑक्टोबर २०२३ मध्ये लग्नाचा हक्क मात्र दिला नाही. तेव्हा तिकडची मालिका बघून जग असंच आहे असं समजू नये.

आपल्या मराठीत बघायचं तर 'साबर बोंडं' बघा. रोहन परशुराम कानवडे यांचा हा चित्रपट २०२५ च्या जानेवारीत अमेरिकेच्या सनडान्स महोत्सवात परदेशी कथाचित्रपटांमधलं सर्वोच्च पारितोषिक घेऊन आला. सप्टेंबरात तो इकडे लागला, तेव्हा मी मुलाकडे पुण्याला होते म्हणून मला थिएटरात बघता आला. आनंद मुंबईत नोकरी करणारा. वडील गेले म्हणून दहा दिवसांचं सुतक पाळायला गावी येतो. सुतकाचे नियम, भावकीचे टोमणे, "आता तरी लग्न कर", सगळं आपल्या घरातलं वाटतं. तिथे त्याला लहानपणीचा मित्र बाळ्या भेटतो. शेती करणारा, आणि त्याच्याही मागे घरच्यांचा लग्नाचा लकडा. बाळ्या त्याच्यासाठी साबराची बोंडं आणतो, काटे काढून. (आपण खाणार नाही म्हणा, बहुबीज. पण काटे काढून देणं बघण्यासारखं आहे.) आनंदच्या आईला सगळं माहीत असतं, आणि ती गाजावाजा न करता त्याच्या बाजूनं उभी असते. सगळ्यात आवडली ती मला. फार बोलत नाही ती.

मी बी.कॉम.ला होते तेव्हा, १९८१ मध्ये, तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' आलं होतं. त्यात मुलीवर प्रेम करणारी मुलगी होती, आणि तिचा शेवट मरणात झाला. त्या काळी अशा माणसाला गोष्टीत दुसरी जागाच नव्हती. तिथून बोंडांचे काटे काढणाऱ्या बाळ्यापर्यंत यायला चव्वेचाळीस वर्षं लागली.

पडद्यावर एवढी वर्षं लागली, आणि परिचय मेळाव्यात आपण अजून तिथेच आहोत. आमच्या नात्यातल्या एका मुलीचं उदाहरण आहे, नावगाव सांगत नाही. चांगलं घर, चांगला पगार, पत्रिकाही जुळलेली. दोन वर्षांत ती माहेरी परत आली. मागाहून कळलं की मुलानं लग्नाआधीच आपल्या आईला सांगितलं होतं, मला मुलींची ओढ नाही. आई म्हणाली होती, "लग्न झालं की होईल सगळं ठीक." मुलगा आजही तोंड लपवून फिरतो. मुलीच्या बायोडाटावर 'घटस्फोटित' लागलं आणि आता तिला बिजवरांचीच स्थळं येतात. दोघांचंही आयुष्य गेलं, आणि ज्यांनी ठरवलं त्यांचं काही बिघडलं नाही.

म्हणून माझा राग मालिकेवर नाही. दुपारी टिन आणि गनसाठी डोळे पुसणाऱ्या आपणच संध्याकाळी बायोडाटे चाळताना "मुलगा जरा लाजाळू आहे" एवढ्यावर विषय मिटवतो, त्याचा मला राग येतो. मुलगा चौथ्या स्थळाला नाही म्हणाला, तर पाचवं शोधण्याआधी त्याला एकट्याला घेऊन बसा. वडील, काका, मामा कुणी नको. "तुला नक्की काय हवंय?" एवढंच विचारा आणि मग गप्प बसा, हे दुसरं जास्त अवघड आहे. तो काही बोललाच, तर निदान एक करा, दुसऱ्याची मुलगी त्यावरचं औषध म्हणून आणू नका. तुम्हाला ते पटलं की नाही हा नंतरचा प्रश्न, त्याला वर्षं लागली तरी चालतील. मुलीचं लग्न मात्र तिथीवर लागतं.

काही जणींनी मालिका कुठे आहे ते विचारलं होतं. यूट्यूबवर आहे, फुकट, खाली इंग्रजी अक्षरं येतात. चष्मा घालूनच बसा, अक्षरं भराभर पळतात. पहिला भाग जरा पोरकट वाटेल, तिसऱ्यापर्यंत धीर धरा. आणि आपल्या मेळघाटात नेटचा भरवसा नाही, म्हणून वायफाय असेल तिथे आधीच उतरवून ठेवा.