दोन तासांत विजयनगर

दिवाळीची वा नाताळची सुट्टी लागली की सोलापूर, सांगली, कोल्हापूर या भागांतून कर्नाटकाकडे निघणाऱ्या सहलींची वर्दळ सुरू होते. बदामी, पट्टदकल, ऐहोळे आणि मग हंपी हा त्यांचा क्रम बहुधा ठरलेला असतो. हंपीच्या वाट्याला त्यात अर्धा दिवस येतो आणि जेवणखाण, चहापाणी व गाडीतळावरचा खोळंबा वजा जाता प्रत्यक्ष दर्शनाला दोन-अडीच तासच उरतात. एवढ्या वेळात गाइड विरूपाक्षाचे मंदिर, एकाच शिळेतला उग्र नरसिंह, कमल महाल, हत्तींच्या पागा, महानवमीचा चौथरा आणि विठ्ठल मंदिरातील दगडी रथ दाखवतो. १५६५ मध्ये हे सारे कसे धुळीला मिळाले ते सांगतो आणि मंडळी गाडीत बसतात. एके काळी जगातील मोठ्या नगरांत गणल्या जाणाऱ्या राजधानीचा हिशेब असा दोन तासांत चुकता होतो.

अशा धावत्या दर्शनाची टवाळी करणे सोपे आहे. आठ-आठ दिवस राहून एकेक शिल्प न्याहाळणाऱ्या रसिकांनी ती पुष्कळ केलीही आहे. परंतु रजेचे चार दिवस आणि प्रवासखर्चाची मोजकी रक्कम हाताशी असलेल्या शिक्षकाला किंवा कारकुनाला रसिकतेचे हे चोचले परवडणारे नाहीत. पैशाप्रमाणेच वेळही मर्यादित असतो आणि मर्यादित साधनांची वाटणी कशी करावी हाच तर अर्थशास्त्राचा मूळ प्रश्न. तेव्हा दर्शन दोन तासांचे आहे याबद्दल तक्रार नाही. त्या दोन तासांत काय दाखवायचे आणि काय गाळायचे याची निवड कोण करतो, कोणत्या हिशेबाने करतो, हा विचार करण्याजोगा विषय आहे.

आजची निवड मंदिर, महाल आणि विध्वंस या तीन खांबांवर उभी आहे. हे तिन्ही पाहण्यासारखे आहेत, याविषयी वाद नाही. पण नगर म्हणजे देव आणि राजा एवढेच नव्हे. लाखो माणसांना रोज धान्य, पाणी, सरपण, कापड आणि काम लागते. ते पुरवणारी व्यवस्था ज्या दर्शनात कोठेच येत नाही, त्या दर्शनाला नगराचे दर्शन म्हणावे काय?

पाणी कोठून आले?

हंपीचा परिसर उजाड खडकांचा आणि अपुऱ्या पावसाचा. तुंगभद्रा जवळून वाहते खरी, पण ती खडकांतून, शेतापेक्षा खालच्या पातळीवरून. अशा ठिकाणी राजधानी वसली आणि परंपरेने सांगितल्या जाणाऱ्या १३३६ या स्थापनावर्षापासून दोन शतकांहून अधिक काळ नांदली, ती बंधारे, कालवे आणि तलाव यांच्या बळावर. नदीवर दगडी बंधारे घालून वरच्या अंगाने पाणी वळवले गेले. मंदिरांचा भाग आणि राजवाड्यांचा भाग यांच्या मधल्या खोऱ्यातून तुर्त कालवा आजही वाहतो आणि त्याच्या पाण्यावर भात, ऊस व केळी उभी असतात. रायकालवा आणि बसवण्णा कालवा हेही त्याच काळचे. राजवाड्यांच्या आवारात १९८० च्या दशकातील उत्खननात सापडलेली पायऱ्यांची पुष्करणी प्रवासी आवर्जून पाहतात, तिची छायाचित्रे घेतात. पण तिच्यापर्यंत पाणी आणणारी उंच दगडी पन्हळ बाजूलाच असते आणि तिच्याकडे क्वचितच कोणी वळतो.

१५६५ च्या लढाईनंतर राजधानी उजाड झाली. लाकडी महाल जळाले आणि त्यांचे दगडी चौथरे तेवढे मागे उरले. कालवे मात्र वाहत राहिले. राज्ये बदलली, सारा वसूल करणारे हात बदलले, पण शेतकऱ्याने त्या पाण्यावरची शेती सोडली नाही. म्हणजे त्या राजवटीची जी बांधकामे आज सर्वांत जिवंत आहेत, तीच नेमकी आपल्या दोन तासांच्या कार्यक्रमात नाहीत. भग्न ते पाहण्याजोगे आणि कामाचे ते दुर्लक्षणीय, असा हा विचित्र न्याय आहे.

या पाण्याची किंमतही कोणी सांगत नाही. कृष्णदेवरायाच्या कारकिर्दीत, १५२० च्या सुमारास विजयनगरात आलेल्या दोमिंगो पाएस या पोर्तुगीज प्रवाशाने तेथील एका मोठ्या तलावाचे काम स्वतः पाहिले होते. पंधरा-वीस हजार माणसे मुंग्यांसारखी तेथे राबत होती असे तो लिहितो. तलावाचा बांध दोन-तीनदा फुटला, तेव्हा देवाचा कोप शमवण्यासाठी साठ माणसांचा आणि काही घोड्या-रेड्यांचा बळी देण्याची आज्ञा राजाने दिली, अशी नोंदही त्याने केली आहे. त्याच्यानंतर आलेल्या नुनिझ या घोड्यांच्या व्यापाऱ्याने शेतकऱ्याच्या उत्पन्नाचे दहापैकी नऊ हिस्से सरदार घेतात असे लिहून ठेवले. हा आकडा इतिहासकारांना फुगवलेला वाटतो आणि तसा तो असेलही. पण वैभवाचा भार कोणाच्या पाठीवर होता हे समजण्यास तो पुरेसा आहे. कृष्णदेवराय थोर होताच. त्याचे थोरपण सांगताना बांधावर राबलेल्यांचा उल्लेख केल्याने ते उणे होणार नाही.

बाजार कोठे गेला?

दुसरी गाळलेली गोष्ट म्हणजे बाजार. १४४३ मध्ये येथे आलेला हेरातचा वकील अब्दुर रझ्झाक काय किंवा पाएस काय, परदेशी पाहुण्यांची नजर इथल्या बाजारपेठांवर खिळली होती. पाएसला या नगराचा विस्तार रोमएवढा वाटला आणि अन्नधान्याच्या समृद्धीत याच्या तोडीचे शहर जगात नाही असे त्याचे मत झाले. विरूपाक्ष, कृष्ण, अच्युतराय आणि विठ्ठल या प्रत्येक मंदिरासमोर लांबरुंद बाजारपेठ होती. तिचे दगडी खांब दुतर्फा अजून उभे आहेत. विठ्ठल मंदिराकडे विजेच्या गाडीतून जाताना आपण अशाच एका पेठेच्या कडेने जातो, पण गाडी थांबत नाही.

त्या बाजाराचे धागे दूरवर गेले होते. दख्खनच्या हवेत चांगल्या घोड्यांची पैदास होत नसे. ते अरबस्तानातून आणि होर्मुझहून समुद्रमार्गे पश्चिम किनाऱ्यावर उतरत. विजयनगर आणि त्याचे उत्तरेकडील शेजारी या दोघांनाही घोडे हवे होते, म्हणून ते जेथे उतरत त्या बंदरांना मोल होते. १५१० मध्ये पोर्तुगिजांनी गोवा घेतले, तेव्हा या व्यापाराची किल्ली त्यांच्या हाती गेली. गोव्याचा इतिहास आणि हंपीचा इतिहास अशा रीतीने एकाच जमाखर्चात येतात. एवढे सांगायला गाइडला पाच मिनिटे पुरतील.

विध्वंसाची कथा मात्र सविस्तर सांगितली जाते आणि ती बहुधा दोन धर्मांच्या झुंजीची कथा म्हणून. अहमदनगर, विजापूर, गोवळकोंडे आणि बीदर येथील सुलतान एकत्र आले व त्यांनी रामरायाचा पराभव केला, हे खरेच आहे. पण त्यापूर्वी कित्येक वर्षे याच रामरायाने कधी एका सुलतानाशी तर कधी दुसऱ्याशी हातमिळवणी करून त्यांना आपसांत झुंजवले होते, हेही तितकेच खरे. विजयनगरच्या सेवेतील अहमद खान याने १४३९ मध्ये बांधलेली मशीद हंपीच्याच परिसरात आहे. जैन मंदिरेही आहेत. सत्ता, महसूल आणि सरहद्दीवरील किल्ले यांसाठी चाललेल्या दीर्घ चढाओढीचा शेवट रणांगणावर झाला. तो शेवट इतिहासात आलाच पाहिजे, पण दोन शतकांचे नांदणे त्याने झाकले जाऊ नये.

गाइडचा हिशेब

यात गाइडला दोष देणे अन्यायाचे होईल. त्याची कमाई दिवसाकाठी मिळणाऱ्या गटांवर ठरते. एक गट लवकर संपला तर दुसरा मिळण्याची आशा असते. हंगाम थोड्या महिन्यांचा, स्पर्धा मोठी आणि श्रोते दमलेले. अशा स्थितीत चटकन रंगणारी व हमखास टाळी घेणारी कथा सांगणे हाच त्याच्या दृष्टीने शहाणपणाचा व्यवहार ठरतो. कालव्याची गोष्ट ऐकून कोणी खूष होऊन वरचे पैसे हातावर ठेवल्याचे त्याच्या पाहण्यात नसेल. ग्राहक जे मागत नाही ते विक्रेता मांडत नाही. म्हणजे निवड गाइड करतो असे दिसले, तरी ती खरे पाहता आपण करतो.

आपल्या या मागणीचे परिणाम तेथील माणसांनाही भोगावे लागतात. १९८६ मध्ये हंपीचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. विरूपाक्षासमोरच्या जुन्या पेठेत तोवर माणसे राहत होती. दगडी मंडपांतच खानावळी, दुकाने आणि घरे थाटली गेली होती. त्यामुळे प्राचीन खांबांची हानी होत होती, ही तक्रार खोटी नव्हती. परंतु जुलै २०११ मध्ये प्रशासनाने तेथील घरेदुकाने यंत्रे लावून पाडली आणि कुटुंबांना तेथून हलवले. आता पेठ स्वच्छ आणि मोकळी दिसते. बाजार म्हणून बांधलेली जागा बाजार म्हणून वापरणाऱ्या माणसांना तिच्यातून जावे लागले. नियंत्रण, शिस्त, ठरावीक दुकानांना परवाने असा मधला मार्ग असू शकला असता. वारसा म्हणजे फक्त दगड, ही आपली समजूत पक्की असल्यामुळे तो मार्ग शोधण्याची निकड कोणाला भासली नाही.

विठ्ठल मंदिराचे गर्भगृह आज मूर्तीविना आहे. कृष्णदेवरायाने पंढरीचा विठोबा येथे आणला आणि एकनाथांचे पणजोबा भानुदास यांनी तो परत नेला, ही आख्यायिका मराठी माणसाला ठाऊक असते. त्या रिकाम्या गाभाऱ्यासमोर तो हात जोडतो, तेव्हा हे नगर त्याला परके राहत नाही. याच मंदिरातील दगडी रथ २०१७ पासून निघालेल्या पन्नास रुपयांच्या नोटेवर आहे. या जवळिकीमुळे तरी आपली विचारपूस थोडी खोल असावी.

दोन तासांचे चार तास करा, असे म्हणणे नाही. त्या दोन तासांतला अर्धा तास कालव्याच्या काठावर आणि एखाद्या ओसाड पेठेत घालवावा, एवढेच सुचवायचे आहे. त्यासाठी शासनाचा आदेश नको की निधी नको. सहली नेणाऱ्या शाळा-महाविद्यालयांनी गाइड ठरवतानाच तसे सांगितले तर एका हंगामात फरक दिसू लागेल. विद्यार्थ्यांच्या वहीत तीन प्रश्न लिहून द्यावेत: येथे पाणी कोठून येत होते? बाजारात काय विकले जात होते? आणि हे ज्यांनी बांधले त्यांच्या पदरात काय पडत होते? पहिल्या दिवशी गाइडला उत्तरे देता येणार नाहीत कदाचित. पण चौथ्या गटानेही तेच विचारले, तर पाचव्या गटासाठी तो ती शोधून ठेवील.