मशीनवाले

‘बायोमेडिकल? म्हणजे औषधं बनवता का?’ हा प्रश्न मला लग्नात, लिफ्टमध्ये, लोकलमध्ये, सगळीकडे भेटतो. नाही हो! ज्या व्हेंटिलेटरवर तुमचा माणूस असतो, तो नीट चालतोय ना, हे आम्ही बघतो.

कॉलेजात चार वर्षं इलेक्ट्रॉनिक्सच्या जोडीला ॲनाटॉमी, फिजिऑलॉजीही शिकलो. तेव्हा कळलं, हृदयापर्यंत कॅथेटर गेलेल्या पेशंटला मायक्रोअँपियरमधला करंटही घातक ठरू शकतो. तुम्हा-आम्हाला तो जाणवणारही नाही. म्हणून मशीनचा लीकेज करंट मोजायचा. डिफिब्रिलेटरवर 200 ज्यूल लावले, तर तेवढी एनर्जी खरंच बाहेर पडते ना, हे तपासायचं.

बरोबरचे बरेच जण सॉफ्टवेअरमध्ये गेले. त्यांचे पगार ऐकून कधीतरी पोटात दुखतं, खोटं कशाला बोलू? पण 2020 मध्ये ते वर्क फ्रॉम होम करत होते, तेव्हा आम्ही आयसीयूत व्हेंटिलेटर जोडत होतो. हे काम घरून होत नाही, बॉस!

आणि अप्रेजलला दाखवणार काय? रात्रभर काहीच बिघडलं नाही, हेच आमचं काम. बारावीतला भाचा विचारतो, ‘मामा, तुझ्या लाइनला स्कोप आहे का?’ आहे रे. फक्त टाळ्या नाहीत.