नवं स्टिअरिंग घेण्याआधी आकडे बघा



आजचा विषय जरा वेगळा आहे. दहावीनंतरच्या सुट्टीत नातवाला गाड्यांच्या शर्यतीच्या खेळाचं स्टिअरिंग घेऊन दिलं. टेबलाला आवळून बसवायचं, आत मोटर. खेळातली गाडी वळते, घसरते, तसा मोटरचा जोर हाताला लागतो. याला फोर्स फीडबॅक म्हणतात. पंधरा दिवसांत त्याचं मनगट दुखायला लागलं. वर तो म्हणे, "यात दम नाही, मोटरला थेट जोडलेलं डायरेक्ट ड्राइव्ह हवं." त्याचे बाबा म्हणाले, "आहे तेच विकून टाक." पोरगा न जेवता उठला. मी म्हटलं, आधी बघू तरी.

खेळ असेटो कोर्सा, इटलीत तयार झालेला. 'गेन' म्हणजे एकूण जोर, तो पठ्ठ्याने १०० वर ठेवला होता. पडद्यावर जोराची पट्टी दिसते, ती प्रत्येक वळणावर लाल. विचारलं तर म्हणाला, "आजी, मोटरला झेपेल त्याहून जास्त जोर खेळ मागतोय." याला क्लिपिंग म्हणतात. मी बी.कॉम., मला लगेच कळलं. रकान्यात दोनच आकडे मावत असतील, तर खर्च १२० होवो की २००, आपण ९९च लिहिणार. फरक कळणार कसा?

समोरच्या टायरची पकड सुटू लागली की स्टिअरिंग हलकं होतं. चालवणाऱ्याला तीच खूण. पण सगळीकडे ९९च लिहिलं असेल तर ती खूण पुसली जाते. मग मुलं चाक आणखी घट्ट धरतात, मनगट दुखतं आणि गाडी तरीही घसरते.

आम्ही गेन ५-५ने उतरवला. मोठ्या वळणावर पट्टी क्वचितच लाल व्हावी, एवढंच बघायचं. आमचं ६५ला जमलं. गाडी बदलली की आकडाही बदलतो. रस्त्याच्या खडखडीचे वरून घातलेले परिणाम शून्यावर आणले. 'मिनिमम फोर्स' मात्र गिअरवर चालणाऱ्या साध्या स्टिअरिंगला थोडा लागतो, नाहीतर बारीक जोर आतल्या घर्षणातच जिरतो. तो जास्त झाला तर सरळ रस्त्यावरही चाक थरथरतं. एका वेळी एकच आकडा बदलायचा आणि वहीत लिहून ठेवायचा. गाडी धडकणार असं दिसलं की अंगठे आतल्या दांड्यांपासून दूर, कारण चाक जोरात झटका देतं.

मनगटाला आठवडाभर विश्रांती दिली. आता तो अर्धा तासच खेळतो, आणि महागड्या स्टिअरिंगचा हट्ट तूर्त थांबलाय.

माझं मत विचाराल तर, "विकून टाक" आणि "नवं घे" ही दोन्ही घाईची उत्तरं. मुलाशेजारी खुर्ची ओढून बसा. आकडे तो समजावेल, कमी कुठे करायचं ते तुम्हाला त्याच्याहून लवकर दिसेल. आमटीत तिखट जास्त झालं की बाकी चव लागत नाही, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.